जिवाणूजन्य कार्बोनिक ॲनहायड्रेजचा प्रयोगसंच: विकर अस्सल, सोबतचे बफर चुकीचे

सोलापुरातील आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने गेल्या एप्रिलमध्ये कार्बोनिक ॲनहायड्रेज या विकराचा (एन्झाइमचा) एक तयार संच विकत घेतला. त्यात दोन मिलिग्रॅम वाळवलेल्या पांढऱ्या भुकटीची एक कुपी, ती विरघळवण्यासाठी दहा मिलिलिटर बफरची, म्हणजे पीएच (आम्लता) स्थिर ठेवणाऱ्या द्रावाची, एक बाटली आणि चार पानी माहितीपत्रक एवढे तीन जिन्नस होते, आणि करांसह त्याची किंमत साडेअठरा हजार रुपये पडली. एवढ्या किमतीत विभागाला वर्षभराचे काचसामान येते, त्यामुळे खरेदी समितीसमोर मला बरेच समर्थन करावे लागले. आठ महिने वापरल्यानंतर त्या समर्थनातले काय टिकले आणि काय नाही, हे इतर महाविद्यालयांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव घेणार नाही, कारण ज्या उणिवा आढळल्या त्या या क्षेत्रातील अनेक संचांमध्ये असू शकतात.

खरेदीमागचे निमित्त आमच्या दारातलेच होते. शहरापासून जवळच फताटेवाडी येथे १,३२० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे, आणि पदव्युत्तर वर्गातील मुलांपैकी निम्मी त्याची धुराडी पाहतच कॉलेजला येतात. धुरातील कार्बन डायऑक्साइड जिवाणूंच्या विकराने पकडता येतो असे कुठेतरी वाचून त्यांनी प्रकल्पासाठी हाच विषय धरला. एरवी हे विकर शिकवण्यासाठी आम्ही गाईच्या तांबड्या रक्तपेशींपासून काढलेली स्वस्त भुकटी वापरतो. ती उष्णता सोसत नाही, आणि धुराड्याच्या गोष्टी करायच्या तर उष्णता टाळून चालत नाही. म्हणून या वेळी, अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या सल्फ्युरिहायड्रोजेनिबियम यलोस्टोनेन्स या जिवाणूचे जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूमध्ये घालून तयार केलेले विकर मागवले.

विकराचे काम सांगायला सोपे आहे. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून बायकार्बोनेट आणि एक प्रोटॉन तयार होतो, आणि ही क्रिया उलट दिशेनेही होते. विकराशिवायही ती घडते, पण तिला काही सेकंद लागतात. फुफ्फुसातील केशवाहिनीतून रक्त एका सेकंदाहूनही कमी वेळात पुढे सरकते, त्यामुळे तिथे ते काही सेकंद परवडणारे नसतात. केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी १९३३ मध्ये हे विकर रक्तातून वेगळे केले ते याच कोड्याचा माग काढत. जिवाणूंमध्ये ते सापडायला आणखी तीस वर्षे गेली. १९६३ मध्ये नायसेरिया सिक्का या जिवाणूपासून ते प्रथम मिळवण्यात आले. ज्या जिवाणूला फुफ्फुस नाही आणि रक्तही नाही त्याला हे विकर कशाला हवे, हा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो. त्याचे उत्तर असे की मेदाम्ले आणि काही अमिनो आम्ले तयार करताना पेशीला बायकार्बोनेट लागते, आणि ते आपोआप तयार होण्याची वाट पाहत बसले तर वाढ खुंटते. ई. कोलायमधील याचे मुख्य जनुक काढून टाकले तर तो साध्या हवेत वाढत नाही, पण भरपूर कार्बन डायऑक्साइड दिला की वाढू लागतो. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरीला तर आम्लात तग धरण्यासाठीच त्याचा उपयोग होतो.

आता संचाविषयी. पार्सल आले ते दुपारी दोन वाजता, बाहेर पारा बेचाळीसच्या वर असताना. थर्मोकोलच्या डब्यातील जेल पॅक पूर्ण वितळलेले होते आणि त्यांना हात लावला तर कोमट लागत होते. साधे विकर असते तर मी तिथेच पार्सल परत पाठवले असते. वाळवलेली भुकटी आणि उष्ण झऱ्यातला जिवाणू या दोन गोष्टींच्या भरवशावर ते ठेवून घेतले, आणि निर्णय बरोबर ठरला. तरी एवढ्या किमतीच्या मालासोबत तापमान दाखवणारी पट्टी नसावी, हे मला पटले नाही. कुपीवर तुकडी क्रमांक होता, पण त्या तुकडीची स्वतंत्र तपासणी झाल्याचा दाखला नव्हता. माहितीपत्रकात एक मिलिग्रॅममागे ३,५०० विल्बर–अँडरसन एकके असा दावा होता, आणि तो कोणत्या तापमानाला मोजला हे लिहिलेले नव्हते.

विल्बर आणि अँडरसन यांची ही पद्धत १९४८ ची आहे, आणि तिच्याइतकी देखणी चाचणी आमच्या प्रयोगशाळेत दुसरी नाही. बर्फात बुडवलेल्या चंचुपात्रात ८.३ पीएचचे ट्रिस बफर घ्यायचे आणि त्यात ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचे काही थेंब टाकायचे. द्रव मोरपिशी निळा होतो. मग कार्बन डायऑक्साइडने संपृक्त केलेले बर्फगार पाणी एका दमात ओतायचे आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करायचे. पीएच उतरू लागतो तसा निळा रंग हिरवट होतो, हिरवा पिवळसर होतो, आणि शेवटी लिंबासारखा पिवळा स्थिरावतो. हे सगळे बर्फातच करावे लागते, कारण खोलीच्या तापमानाला विकर नसतानाही रंग इतक्या लवकर बदलतो की फरक मोजायला वेळच उरत नाही. आमच्या मांडणीत विकराशिवाय सरासरी ८४ सेकंद लागले. कुपीतील ०.६ मायक्रोग्रॅम विकर घातल्यावर तोच रंग २८ सेकंदांत आला. विकराशिवायच्या वेळेतून विकरासह लागलेला वेळ वजा करून उरलेल्याला विकरासह लागलेल्या वेळेने भागले की एकके मिळतात. इथे ती दोन आली, म्हणजे एका मिलिग्रॅमला सुमारे ३,३०० एकके. घड्याळ हाताने दाबण्यातली दोन-तीन सेकंदांची चूक धरली तर विक्रेत्याचा दावा खरा मानायला हरकत नाही. कोमट झालेल्या पार्सलातून आलेल्या विकराने एवढे दिले, हे मला विशेष वाटले.

याच हिशोबाने किमतीचाही निकाल लागतो. एका चाचणीला ०.६ मायक्रोग्रॅम विकर पुरत असेल तर दोन मिलिग्रॅमच्या कुपीत ३,३०० हून अधिक चाचण्या बसतात, आणि एका चाचणीचा खर्च साडेपाच रुपयांच्या आसपास येतो. साडेअठरा हजारांचा आकडा ऐकून भुवया उंचावणाऱ्या प्राचार्यांना मी हाच हिशोब दाखवला. कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यासाठी आम्ही सिलिंडर वापरतो. मुलांनी हौसेने एकदा कोपऱ्यावरचा गोटी सोडाही वापरून पाहिला. रंग छान बदलला, पण प्रत्येक बाटलीला वेळ वेगळा आला, त्यामुळे तो प्रयोग दाखवण्यापुरताच ठीक आहे.

विकर खरोखर कार्बोनिक ॲनहायड्रेजच आहे ना, की भुकटीतल्या एखाद्या आम्लानेच पीएच उतरला, ही शंका प्रत्येक चाणाक्ष विद्यार्थ्याने घ्यावी, आणि आमच्या एका विद्यार्थिनीने ती घेतली. तिचे समाधान ॲसिटाझोलामाइडने झाले. काचबिंदूवर दिले जाणारे आणि लेह-लडाखला जाणाऱ्यांना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून सुचवले जाणारे हे औषध विकराच्या गाभ्यातील जस्ताच्या अणूला धरून बसते. त्याचा अगदी सौम्य द्राव आधी विकरात मिसळला तेव्हा रंग बदलायला पुन्हा ८० सेकंदांच्या वर वेळ लागला. संचासोबत या अवरोधकाची एखादी छोटी कुपी दिली असती तर तो शिक्षणासाठी परिपूर्ण झाला असता. ते काही महाग रसायन नाही.

उष्णतेच्या चाचणीसाठी तर हा संच विकतच घेतला होता. जिवाणूचे विकर आणि गाईचे विकर अशा दोन्हींचे सारख्या क्षमतेचे द्राव छोट्या नळ्यांत भरून, वर खनिज तेलाचा पातळ थर देऊन, ७० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवले. अर्ध्या तासात गाईच्या विकराच्या नळीत दूध फाटल्यासारखे पांढरे तंतू दिसू लागले, आणि बर्फावर मोजल्यावर वेळ आला ८२ सेकंद, म्हणजे जवळजवळ काहीच उरले नव्हते. जिवाणूची नळी दोन तासांनंतरही स्वच्छ होती आणि वेळ आला ३१ सेकंद. ८० अंशांवर तीन तास ठेवल्यावर तो ३६ पर्यंत गेला, म्हणजे दोन तृतीयांश क्षमता शिल्लक होती. या मुद्द्यावर विक्रेत्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. या कुळातील विकरे वेगातही मागे नाहीत: यलोस्टोनच्या या जिवाणूच्या विकराचा एक रेणू सेकंदाला नऊ लाखांच्या घरात कार्बन डायऑक्साइडचे रेणू बदलतो असे मोजले गेले आहे, आणि अझोर्स बेटांवरच्या त्याच्या भाऊबंदाचा, सल्फ्युरिहायड्रोजेनिबियम अझोरेन्सचा, आकडा ४४ लाखांच्या आसपास जातो. मुलांना हे आकडे फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा नेहमी मोबाइलमध्ये डोके घालून बसणारेही मान वर करून पाहू लागले.

इथपर्यंत सारे उत्तम चालले होते. संच फसला तो माहितीपत्रकातील तिसऱ्या पानावर, जिथे ‘कार्बनचे दगडात रूपांतर’ या ठसठशीत शीर्षकाखाली एक प्रात्यक्षिक दिले आहे. विकर सोबतच्या बफरमध्ये विरघळवा, त्यात कॅल्शियम क्लोराइड घाला, कार्बन डायऑक्साइडचे पाणी ओता आणि पांढरा साका पाहा, असा त्याचा सारांश. आम्ही तसेच केले आणि साका पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग शेजारच्या, विकर न घातलेल्या नळीकडे पाहिले तर तिथेही साका. कार्बन डायऑक्साइडचे पाणीही न घातलेल्या नळीत तर तो आधीच तळाला बसला होता. बाटलीवरचे बारीक अक्षर भिंग लावून वाचले तेव्हा उलगडा झाला: बफर फॉस्फेटचे होते. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा गाळ पडतो, त्याला कार्बनशी काही देणे-घेणे नसते. खात्रीसाठी गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. कार्बोनेट असते तर फसफसून बुडबुडे आले असते, इथे गाळ निमूट विरघळला. शाळेतला मुलगाही करू शकेल अशी ही तपासणी माहितीपत्रक लिहिणाऱ्याने केली नसावी, एवढेच म्हणता येते.

याच बफरने दुसरीही फजिती केली. विकर पुन्हा पुन्हा वापरता यावे म्हणून ते अल्जिनेटच्या (समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या जेलच्या) मण्यांत बंदिस्त करण्याची कृती चौथ्या पानावर आहे, आणि तयार मणी ‘सोबतच्या बफरमध्ये फ्रिजमध्ये ठेवावेत’ असा सल्ला आहे. अल्जिनेटचे मणी घट्ट राहतात ते कॅल्शियममुळे, आणि फॉस्फेट नेमके तेच कॅल्शियम ओढून घेते. संध्याकाळी टणक असलेले मणी सकाळी रात्रभर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बोटांखाली दबत होते, आणि त्यांच्यातून विकर बाहेर पडून सगळ्या बफरमध्ये पसरले होते. बाटलीत टिकाऊपणासाठी ०.०२ टक्के सोडियम अझाइड घातल्याचेही त्याच बारीक अक्षरात होते. अझाइड विषारी आहे, आम्लाशी आल्यास त्यातून घातक वायू निघतो आणि तांबे किंवा शिशाच्या नळांत ते साठू देऊ नये, यांपैकी एकाही गोष्टीचा इशारा माहितीपत्रकात नव्हता. शिवाय अझाइड या विकराला काही प्रमाणात रोखते. आमच्या रंगाच्या चाचणीत द्राव हजारपट पातळ होत असल्याने त्याचा परिणाम जाणवला नाही, पण मूळ द्राव तसाच वापरणाऱ्याला जाणवू शकतो.

भुकटी आम्ही सगळीच त्या बफरमध्ये विरघळवून बसलो होतो, त्यामुळे फॉस्फेट निघून जावे म्हणून ती डायलिसिसच्या, म्हणजे फक्त लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या, पिशवीत भरून दोन रात्री ट्रिस बफरमध्ये ठेवावी लागली. त्यानंतर केलेले प्रात्यक्षिक खरे ठरले. विकराच्या नळीत कार्बन डायऑक्साइडचे पाणी पडताच काही क्षणांत दुधाळ धुके उठले, शेजारची नळी बराच वेळ स्वच्छ राहून मग हळूहळू गढूळ झाली, आणि या वेळी आम्ल टाकल्यावर बुडबुडेही आले. पण तासाभराने दोन्ही नळ्यांतील साका गाळणकागदावर घेऊन, वाळवून तोलला, तेव्हा वजने जवळजवळ सारखी निघाली.

ही सारखी वजने मला या संपूर्ण खरेदीतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटतात, आणि माहितीपत्रकाला नेमकी तीच अडचणीची आहे. मुखपृष्ठावर धुराड्याचे आणि हिरव्यागार रानाचे चित्र छापून ‘विकरामुळे अनेक पटींनी अधिक कार्बन बंदिस्त होतो’ असे लिहिले आहे. विकर उत्प्रेरक आहे. ते क्रिया लवकर घडवते, पण ती कुठवर जाईल हे ठरवत नाही. साका किती पडणार हे उपलब्ध कॅल्शियम आणि अल्क यांवर अवलंबून असते. कॅल्शियम क्लोराइड वापरले तर प्रत्येक कार्बोनेटमागे आम्ल सुटते आणि ते मारायला दुसरे काहीतरी खर्ची पडते, आमच्या नळीत ते ट्रिस होते. चुना वापरावा म्हटले तर ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड दगडात बांधायला ५६ ग्रॅम कळीचा चुना लागतो, आणि तेवढा चुना भट्टीत भाजताना चुनखडीतून आधीच ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, भट्टीचे इंधन वेगळेच. मुलांनी हा हिशोब स्वतः मांडला आणि मुखपृष्ठावर लाल पेनने लिहून ठेवला आहे.

याचा अर्थ या विकराला उद्योगात जागा नाही असा नव्हे. ती जागा दगड बनवण्यापेक्षा वायू द्रावात शोषून घेण्याच्या टप्प्यावर आहे, जिथे संथ वेग हाच अडसर असतो. सौम्य आणि कमी ऊर्जा मागणारे पोटॅशियम कार्बोनेटचे द्राव कार्बन डायऑक्साइड फार संथ शोषतात. विकर घातले की ते कामाचे ठरतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात सेंट-फेलिसिएन येथे २०१९ मध्ये एका लगदा कारखान्याच्या धुरातून दिवसाला ३० टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या क्षमतेचे असे संयंत्र उभे राहिले, आणि पकडलेला वायू शेजारच्या हरितगृहातील काकडीला देण्यासाठी होता. (काकडी खाल्ल्यावर तो पुन्हा हवेत येणारच, पण तो मुद्दा बाजूला ठेवू.) अमेरिकेत कोडेक्सिस कंपनीच्या संशोधकांनी डेसल्फोव्हिब्रिओ व्हल्गॅरिस या जिवाणूच्या विकरात प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या बदल घडवून ते कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या तीव्र अमाइन द्रावात १०७ अंशांपर्यंत टिकेल असे केले, आणि २०१४ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेमध्ये बॅसिलस पुमिलसचे विकर कायटोसानसारख्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या, पदार्थांवर बसवून कार्बोनेट तयार करण्याचे प्रयोग झाले आहेत. नागपूरचे उदाहरण सांगितल्यावर आमच्या मुलांनी मण्यांसाठी अल्जिनेटऐवजी कायटोसान घेऊन पाहिले. मणी ओबडधोबड झाले, पण मऊ पडले नाहीत. माहितीपत्रकात यातले एकही उदाहरण नाही, जागा मात्र हिरव्या रानाच्या चित्राला आहे.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल थोडे. फॉस्फेटविषयी मी सविस्तर पत्र लिहिले, सोबत तिन्ही नळ्यांची छायाचित्रे जोडली. दोन आठवड्यांनी अत्यंत सौजन्यपूर्ण उत्तर आले की सर्व विकरांसोबत आम्ही हेच बफर देतो आणि आजवर तक्रार आलेली नाही. दूरध्वनीवर बोललेल्या तांत्रिक प्रतिनिधीला मात्र मुद्दा लगेच कळला. ‘मॅडम, पुढच्या वेळी ऑर्डरवर फक्त भुकटी असं लिहा, बफर तुमचं तुम्ही करा,’ असे त्यांनी हळू आवाजात सांगितले, आणि तसे लिहिले तर बाराशे रुपये कमी होतात ही माहितीही त्यांच्याकडूनच मिळाली. दरपत्रकात हा पर्याय कुठेही छापलेला नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

ज्या विभागाकडे वॉटर बाथ, बर्फ, सिलिंडर आणि ट्रिस आहे त्यांनी हे विकर जरूर घ्यावे, भुकटी आल्या दिवशीच ट्रिसमध्ये विरघळवून छोट्या नळ्यांत वाटून उणे वीस अंशांवर ठेवावी, आणि एक नळी एकदाच वितळवावी. केवळ पदवीच्या वर्गाला रंगबदल दाखवायचा असेल तर गाईचे विकर बरेच स्वस्तात तेच काम करते. आमच्याकडे चाळीस नळ्यांपैकी अकरा शिल्लक आहेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांतील एक वितळवून बर्फावर मोजली, तेव्हा घड्याळात ३० सेकंद आले.